आयन चॅनेल आणि कॅन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी औषधशास्त्र शिकवते. सोडिअम आणि पोटॅशिअम चॅनेल हा विषय आमच्या वर्गात फिट्स, हृदयाची लय आणि भुलीची इंजेक्शनं यांच्यासोबत येतो आणि तिथेच संपतो. गेल्या काही वर्षांत मात्र कॅन्सरच्या रुग्णांचे नातेवाईक त्याबद्दल विचारू लागले आहेत. त्याला मुख्य कारण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचा एक अभ्यास. फोनवर, लग्नकार्यात, एकदा तर लोकलमध्ये शेजारी बसलेल्या बाईंकडून जे प्रश्न माझ्यापर्यंत आले, तेच इथे घेतले आहेत. उपचाराचा निर्णय तुमच्या डॉक्टरांसोबतच घ्यायचा आहे. त्यांच्याशी बोलायला बसाल तेव्हा निदान शब्द परके वाटू नयेत, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आयन चॅनेल म्हणजे नेमकं काय?

मीठ पाण्यात विरघळलं की त्यातले सोडिअम आणि क्लोराईड सुटे होतात. सोडिअमवर धन विद्युतभार असतो, क्लोराईडवर ऋण. अशा भारित कणांना आयन म्हणतात. आपल्या रक्तात आणि पेशींच्या आतल्या पाण्यात सोडिअम, पोटॅशिअम, कॅल्शिअम, क्लोराईड असे आयन सतत असतात. पण प्रत्येक पेशी चरबीच्या पातळ पटलात गुंडाळलेली असते, आणि त्या पटलातून आयनांना आरपार जाता येत नाही. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांची सूक्ष्म दारं असतात. ती आयन चॅनेल.

ही दारं फार निवडक असतात. पोटॅशिअमचं दार पोटॅशिअमला जाऊ देतं आणि त्याच्याहून आकाराने लहान असलेल्या सोडिअमला अडवतं. लहान कण अडतो आणि मोठा जातो, हे कसं? रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये एका जिवाणूतल्या पोटॅशिअम चॅनेलची रचना उलगडून दाखवली तेव्हा याचं उत्तर मिळालं. २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं.

काही दारं पेशीच्या विद्युतदाबात बदल झाला की उघडतात, काही एखादं रसायन येऊन चिकटलं की, काही ताण पडला की किंवा गरम लागलं की. मिरचीचा ठेचा तोंडात ‘भाजतो’ तो उष्णतेला उघडणारं एक दार मिरचीतल्या कॅप्सेसिननेही उघडतं म्हणून. आणि दाढ काढण्याआधी हिरडीत जे लिग्नोकेन टोचतात, ते मज्जातंतूंमधली सोडिअमची दारं बंद करतं, त्यामुळे कळ मेंदूपर्यंत पोचत नाही. हे लिग्नोकेन लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

पंप आणि चॅनेल एकच का?

नाही. गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर आणि खाली उघडलेला नळ यांत जो फरक, तोच. पंप ऊर्जा खर्च करून आयन उताराच्या उलट दिशेने ढकलतो. चॅनेल उघडलं की आयन आपोआप उताराने वाहतात, आणि ते पंपापेक्षा कितीतरी वेगाने. ॲसिडिटीची ओमेप्राझोल गोळी पंपावर काम करते, लिग्नोकेन चॅनेलवर. कॅन्सर संशोधनात दोघांचाही अभ्यास होतो. या पानावर फक्त चॅनेलचा विचार केला आहे.

विजेचा खेळ तर मेंदूत आणि हृदयात. स्तनाच्या किंवा प्रोस्टेटच्या गाठीशी त्याचा काय संबंध?

हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं पडला होता. चॅनेलचा पाया घातला गेला तो मज्जातंतूंवर. हॉजकिन आणि हक्सले यांनी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड मज्जातंतूवर केलेलं काम १९५२ मध्ये प्रसिद्ध झालं. मग १९७६ मध्ये नेहेर आणि साकमान यांनी काचेच्या अतिसूक्ष्म नळीचं टोक पेशीला लावून एकेका चॅनेलमधला प्रवाह मोजला. या तंत्राला पॅच क्लॅम्प म्हणतात. त्यानंतर संशोधकांनी ती नळी मिळेल त्या पेशीला लावून पाहिली. मज्जातंतूशी काही संबंध नसलेल्या पेशींमध्येही चॅनेल सापडू लागली.

१९८४ मध्ये दिसलं की रक्तातल्या, प्रतिकारशक्तीचं काम करणाऱ्या टी पेशींमध्ये पोटॅशिअम चॅनेल आहेत आणि ती अडवली तर त्या पेशींचं विभाजन थांबतं. म्हणजे चॅनेल आणि पेशींची वाढ यांचा थेट धागा आहे. त्याही आधी, १९७१ मध्ये, क्लॅरेन्स कोन यांनी म्हटलं होतं की पेशीच्या आत-बाहेरचा विद्युतदाब हाच विभाजनाचा एक नियंत्रक असावा. विसावलेल्या मज्जापेशीत (मज्जातंतूंच्या आणि मेंदूच्या पेशीत) हा दाब साधारण उणे ७० मिलिव्होल्ट असतो. भराभर वाढणाऱ्या कर्कपेशींत तो बऱ्याचदा शून्याच्या बराच जवळ आलेला आढळतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. चॅनेल बिघडलं म्हणून कॅन्सर झाला, असं सहसा नसतं. कॅन्सरची सुरुवात जनुकांतल्या इतर बिघाडांतून होते. वाढण्यासाठी, सरकण्यासाठी, आजूबाजूच्या ऊतींत घुसण्यासाठी कर्कपेशी शरीरातलीच जुनी हत्यारं वापरते. चॅनेल हे त्यातलं एक.

गाठ पसरण्यात सोडिअम चॅनेल काय करतं?

लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या मुस्तफा जामगोझ यांच्या गटाने १९९० च्या दशकात उंदरांच्या प्रोस्टेट कॅन्सरच्या दोन पेशीवाणांची तुलना केली. एक वाण जोरात पसरणारा, दुसरा जागचा फारसा न हलणारा. विद्युतदाबाला उघडणारी सोडिअम चॅनेल पसरणाऱ्या वाणात मिळाली, दुसऱ्यात नाही. फुगा माशातलं टेट्रोडोटॉक्सिन हे विष सोडिअमची दारं बंद करतं. ते घातल्यावर पसरणाऱ्या पेशींची घुसखोरी कमी झाली. पुढे स्तनाच्या कॅन्सरमध्ये याच प्रकारचं एक चॅनेल सापडलं. ते हृदयातल्या सोडिअम चॅनेलचंच भावंड, पण गर्भावस्थेतल्या रूपातलं. जन्मानंतर ज्याची गरज संपते ते रूप कर्कपेशी पुन्हा बाहेर काढते. मला हे फार विलक्षण वाटतं.

सोडिअम आत आल्याने पेशी घुसखोर का होते? एक दुवा फ्रान्समधल्या तूर शहरातल्या संशोधकांनी दाखवला आहे. आत आलेल्या सोडिअममुळे पेशी आपलं आम्ल बाहेर टाकण्याचं काम वाढवते, बाहेरचा भाग आंबट होतो, आणि आंबट वातावरणात जोमाने चालणारी पाचक द्रव्यं भोवतालच्या ऊतीची वीण विरघळवतात. पेशीला वाट मिळते. शिवाय प्राणवायू कमी पडला की या चॅनेलचं दार नीट मिटत नाही, थोडं किलकिलं राहतं आणि सोडिअम झिरपत राहतो. गाठीच्या आत प्राणवायू बऱ्याचदा कमी असतो. ऑपरेशनमध्ये रक्तवाहिन्या बांधल्या जातात तेव्हा तो आणखी घटतो.

टाटाच्या अभ्यासात नेमकं काय केलं?

डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास भारतातल्या ११ केंद्रांवर झाला. नोंदणी २०११ मध्ये सुरू झाली. निकाल २०२२ मध्ये पॅरिसला युरोपीय कॅन्सरतज्ज्ञांच्या परिषदेत मांडले गेले आणि २०२३ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त छापून आले.

स्तनाचा कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडलेल्या आणि आधी केमो न घेता थेट ऑपरेशनला जाणार असलेल्या १६०० स्त्रिया यात होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. दोन्ही गटांत ऑपरेशन तेच, नंतरचे उपचार तेच. फरक एवढाच की एका गटात पूर्ण भूल दिल्यावर, गाठ काढण्याच्या ७ ते १० मिनिटं आधी, सर्जनने गाठीभोवती सर्व बाजूंनी ०.५ टक्के लिग्नोकेन टोचलं. दाढेच्या डॉक्टरांकडे असतं तेच औषध.

शेवटच्या हिशोबात १५८३ स्त्रिया होत्या. पाच वर्षांनंतर आजार न उलटता जगणाऱ्यांचं प्रमाण इंजेक्शन न दिलेल्या गटात ८२.६ टक्के होतं, इंजेक्शनच्या गटात ८६.६ टक्के. एकूण हयात असण्याचं प्रमाण अनुक्रमे ८६.४ आणि ९०.१ टक्के.

म्हणजे दर शंभर स्त्रियांमागे जवळपास चार जास्त स्त्रिया पाच वर्षांनी हयात होत्या. चार हा आकडा कागदावर किरकोळ दिसतो. पण कॅन्सरच्या कित्येक औषधांचा फायदा याच्या आसपास किंवा याहून कमी असतो, आणि त्यासाठी महिनोन्‌महिने सलाईन, केस गळणं, घर गहाण टाकणं हे सगळं सोसावं लागतं. इथे लागली दहा मिनिटं आणि तालुक्याच्या रुग्णालयातही कपाटात असणारं औषध. परळच्या रुग्णालयाच्या दारात गावाकडून आलेली माणसं रस्त्याकडेला पथारी टाकून झोपलेली मी पाहिली आहेत. त्या माणसांना परवडेल असं काही शोधायचं, हे उद्दिष्ट धरून कुणी अकरा वर्षं एक अभ्यास चालवतं, याचं मला मोल वाटतं.

ऑपरेशनच्या आधीची दहा मिनिटंच का?

गाठ हाताळली जाते, दाबली जाते, कापली जाते तेव्हा काही कर्कपेशी सुटून रक्तात किंवा लसिकावाहिन्यांत जाऊ शकतात. त्या पेशींची हालचाल त्याच क्षणी मंदावली तर पुढे दुसरीकडे रुजणाऱ्या पेशी कमी होतील, असा अभ्यासामागचा विचार होता. गाठ बाहेर आल्यावर तिच्याभोवती लिग्नोकेन टोचून काय उपयोग? चोर घरातून निघून गेल्यावर कडी लावण्यासारखंच ते.

मग हे सोडिअम चॅनेल बंद झाल्यामुळेच घडलं, हे सिद्ध झालं का?

नाही. रुग्णांना फायदा झाला हे दिसलं. तो कोणत्या वाटेने झाला हे या अभ्यासात मोजलेलं नाही. संशोधकांनी सोडिअम चॅनेल ही शक्यता मांडली आहे आणि प्रयोगशाळेतला पुरावा त्या बाजूने आहे. पण लिग्नोकेन इतरही गोष्टी करतं. ऑपरेशनने पेटणारा दाह ते कमी करतं, आणि पेशींच्या आतल्या काही संदेशांवरही त्याचा परिणाम होतो.

आणखी एक आक्षेप रास्त आहे. दुसऱ्या गटात नुसत्या सलाईनचं इंजेक्शन दिलं नव्हतं. त्यामुळे गाठीभोवती द्रव भरण्याचाच काही परिणाम असेल तर तो वेगळा काढता येत नाही. कुणाला इंजेक्शन मिळालं हे सर्जनना ठाऊक होतं, असंही म्हणता येईल, पण मृत्यू ही गोष्ट कुणाच्या समजुतीने बदलत नाही, म्हणून तो आक्षेप मला दुबळा वाटतो. अशाच अभ्यासाची दुसऱ्या देशांत, दुसऱ्या हातांनी पुनरावृत्ती व्हायला हवी.

पाठीत इंजेक्शन देऊन भाग बधिर केला तर तोच फायदा मिळेल का?

तसं दिसत नाही. स्तनाच्या कॅन्सरच्या दोन हजारांहून अधिक स्त्रियांवरचा, अनेक देशांत झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही जणींना मणक्याशेजारच्या मज्जातंतूंना बधिर करणारी भूल दिली होती, बाकीच्यांना नेहमीची पूर्ण भूल. आजार उलटण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही.

हे दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचावेत. औषधांचं घराणं एकच, पण एकीकडे ते मज्जातंतूपाशी दिलं, दुसरीकडे थेट गाठीभोवती. आयन चॅनेलच्या बाबतीत ‘कोणतं औषध’ एवढं विचारून भागत नाही. ते कुठे आणि कधी पोचलं, हेही तितकंच विचारावं लागतं.

सोडिअम चॅनेल बंद करणाऱ्या गोळ्या आहेत ना? त्या रोज घेतल्या तर?

आहेत. फिट्सवरची फेनिटॉईन, छातीतल्या कळेवरची रॅनोलाझिन. दोन्हींनी उंदरांच्या प्रयोगांत स्तनाच्या गाठींची वाढ किंवा पसरणं कमी झालं आहे. माणसांत कॅन्सरसाठी त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. कृपया स्वतःच्या मनाने सुरू करू नका. फेनिटॉईन यकृतातली औषधं मोडणारी विकरं (एन्झाइम्स) वाढवतं आणि त्यामुळे केमोची काही औषधं रक्तातून लवकर नाहीशी होतात. म्हणजे जे औषध खरंच काम करतंय त्याचीच ताकद घटेल.

मूळ अडचण याहून खोल आहे. कर्कपेशीत जी दारं आहेत तीच, किंवा त्यांची सख्खी भावंडं, हृदयात आणि मेंदूत आहेत. याचं सर्वात बोलकं उदाहरण हर्ग नावाच्या पोटॅशिअम चॅनेलचं. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला विसावू देण्याचं काम हे चॅनेल करतं. रक्ताच्या कॅन्सरपासून आतड्याच्या कॅन्सरपर्यंत अनेक गाठींत ते आढळतं, इटलीतल्या फ्लोरेन्सच्या अन्नारोझा आर्कान्जेली यांनी त्यावर दीर्घकाळ काम केलं आहे. पण ते सरसकट अडवलं तर हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो. सर्दी-शिंकांवरची टर्फेनाडीन आणि ॲस्टेमिझोल ही औषधं १९९० च्या दशकाअखेर अनेक देशांच्या बाजारातून गेली ती हर्गला धक्का लागत होता म्हणून. तेव्हापासून कोणतंही नवीन औषध माणसांत देण्याआधी हर्गवर तपासतात. ज्या चॅनेलला चुकूनही हात लावायचा नाही असं औषध उद्योग शिकला, त्यालाच मुद्दाम हात लावायचा, म्हणून ही वाट अवघड आहे.

फक्त कॅन्सरमध्येच असतं असं एखादं चॅनेल नाही का?

जवळपास तसं एक आहे. केव्ही१०.१, म्हणजेच ईएजी१, हे हर्गचंच भाऊबंद. निरोगी प्रौढ माणसात ते प्रामुख्याने मेंदूत असतं. पण शरीरभरच्या सुमारे ७० टक्के गाठींत ते सापडतं. जर्मनीत गॉटिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या लुईस पार्डो आणि वॉल्टर श्ट्युमर यांनी १९९९ मध्ये दाखवलं की साध्या पेशींत हे चॅनेल घातलं तर त्या कर्कपेशींसारख्या वागू लागतात.

रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक कडक पहारा असतो, मोठे रेणू त्यातून सहज आत जात नाहीत. मग याच चॅनेलला चिकटणारं प्रतिपिंड वापरलं तर ते मेंदूत न जाता बाहेरच्या गाठीपर्यंतच पोचेल, ही कल्पना तर्कशुद्ध आहे. उंदरांत अशा प्रतिपिंडाने गाठींची वाढ मंदावली. माझ्या मते या सगळ्या क्षेत्रात सर्वात सरळ विचार हाच आहे.

मी रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन घेते. ते कॅल्शिअम चॅनेलवरचं औषध आहे म्हणे. त्याने कॅन्सर होतो की बरा होतो?

दोन्ही नाही. २०१३ मध्ये एका अमेरिकी अभ्यासात दहा वर्षांहून जास्त काळ अशी औषधं घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाच्या कॅन्सरचा धोका सुमारे अडीचपट दिसला होता आणि बातम्या झाल्या. नंतरच्या मोठ्या अभ्यासांतून बहुतांशी त्याला दुजोरा मिळाला नाही. रक्तदाबाची गोळी अचानक बंद केल्याने होणारा धोका मात्र अगदी खरा आहे. ती चालू ठेवा.

मेंदूच्या गाठींबद्दल काही वेगळं आहे का?

बरंच. २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये अमेरिका आणि जर्मनीतल्या गटांचे शोध एकत्र प्रसिद्ध झाले. ग्लायोमा या मेंदूच्या कॅन्सरच्या पेशींशी निरोगी मज्जापेशी चक्क जोडणी करतात, जशी त्या एकमेकींशी करतात. मज्जापेशीने सोडलेलं ग्लुटामेट हे संदेश देणारं रसायन कर्कपेशीवरच्या आयन चॅनेलला उघडतं, आणि त्या विजेवर गाठ वाढते. माणूस विचार करतो, बोलतो, त्यातूनच गाठीला खतपाणी मिळतं, हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

पण यातूनच एक दारही दिसलं. पेरॅम्पॅनेल हे फिट्सचं औषध याच ग्लुटामेट-चॅनेलला अडवतं, आणि जर्मनीत ग्लायोब्लास्टोमाच्या (ग्लायोमाच्या एका आक्रमक प्रकाराच्या) रुग्णांमध्ये त्याची चाचणी हाती घेतली गेली. दुसरी वाट मिबेफ्रॅडिलची. हे कॅल्शिअम चॅनेलवरचं रक्तदाबाचं औषध इतर औषधांशी होणाऱ्या घातक आंतरक्रियांमुळे १९९८ मध्ये बाजारातून काढलं होतं. तेच पुढे टेमोझोलोमाइड या केमोच्या आधी थोडे दिवस देऊन ग्लायोमाच्या रुग्णांत सुरक्षितता तपासली गेली. रोज वर्षानुवर्षं घ्यायला घातक ठरलेलं औषध, मोजके दिवस द्यायला कदाचित चालेल. पुन्हा मुद्दा वेळेचाच.

विंचवाच्या विषाने कॅन्सर बरा होतो असे व्हिडिओ फिरतात. त्यात तथ्य आहे का?

त्यामागे खरं विज्ञान आहे, पण विकायला ठेवलेल्या थेंबांत ते नाही. उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्या ‘डेथस्टॉकर’ विंचवाच्या विषात क्लोरोटॉक्सिन नावाचं ३६ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन असतं. ते क्लोराईड चॅनेलला अडवतं असं सुरुवातीला वाटलं, आणि ग्लायोमाच्या पेशींना ते नेमकं चिकटतं हेही दिसलं. आता ते मुख्यतः कशाला चिकटतं यावर मतभेद आहेत. पण ‘चिकटतं’ एवढ्या गुणावर त्याला चमकणारं रसायन जोडून ऑपरेशनच्या वेळी गाठीची कड दिसावी असा प्रयत्न झाला. टी पेशींना क्लोरोटॉक्सिनचं टोक बसवून त्या गाठीवर सोडण्याचाही होतो आहे.

आपल्या कोकणातल्या लाल विंचवाचीही यात जागा आहे. त्याचं विष सोडिअमची दारं उघडी ठेवतं, मज्जातंतू पेटून उठतात, हातपाय गार पडतात, फुफ्फुसात पाणी होतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून या दंशाने होणारे मृत्यू रोखले, हे महाराष्ट्राला सांगायला नको. याच लाल विंचवाच्या विषातून शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये इबेरिओटॉक्सिन वेगळं केलं. एका प्रकारच्या पोटॅशिअम चॅनेलला ते इतकं नेमकं अडवतं की जगभरच्या प्रयोगशाळांत, ग्लायोमाच्या अभ्यासातही, ते साधन म्हणून वापरलं जातं. ते साधन आहे, औषध नाही. बाटलीतल्या थेंबांवर पैसे घालवू नका.

प्रतिकारशक्तीशी याचा काही संबंध आहे?

आहे. पेशीच्या आत पोटॅशिअम भरपूर असतं, बाहेर अगदी कमी. गाठीच्या आत पेशी मरतात तेव्हा त्यांतलं पोटॅशिअम बाहेर सांडतं. २०१६ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात दिसलं की या सांडलेल्या पोटॅशिअममुळे गाठीत शिरलेल्या टी पेशी सुस्त पडतात. उंदरांत, पोटॅशिअम बाहेर टाकणारं चॅनेल टी पेशींत जास्त बसवलं तर त्यांचा जोर परत आला. म्हणजे इथे चॅनेल बंद करायचं नसून वाढवायचं आहे, आणि तेही कर्कपेशीत नाही, आपल्या बाजूच्या पेशीत.

मग मीठ कमी करावं का? शहाळं, केळी बंद करावीत का?

कॅन्सरसाठी म्हणून नको. रक्तातलं सोडिअम १३५ ते १४५ आणि पोटॅशिअम साधारण ३.५ ते ५ मिलिमोल प्रति लिटर एवढ्या अरुंद पट्ट्यात मूत्रपिंडं धरून ठेवतात. शहाळं प्यायल्याने गाठीतलं पोटॅशिअम वाढत नाही आणि अळणी जेवल्याने कर्कपेशीचं सोडिअम चॅनेल उपाशी राहत नाही. केमोमध्ये आधीच तोंडाची चव गेलेली असते. त्यात सूनबाईंनी किंवा मुलाने काळजीपोटी अळणी वरण वाढलं की आजी दोन घासांवर उठतात, हे मी पाहिलं आहे. मूत्रपिंडाचा त्रास किंवा रक्तदाब असेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य पाळा, त्यापलीकडे पोटभर जेवू द्या.

ऑक्झालिप्लॅटिनचा डोस घेतल्यावर थंड पाण्याला हात लागला तरी झिणझिण्या येतात. हे चॅनेलमुळे होतं का?

हो, बहुधा. आतड्याच्या कॅन्सरवरचं हे औषध मज्जातंतूंतल्या सोडिअम चॅनेलच्या वागण्यात बदल करतं आणि थंडीने ते तंतू चटकन चाळवतात. म्हणून डोसनंतरचे काही दिवस फ्रीजचं पाणी, आइस्क्रीम, थंड फरशीवर अनवाणी चालणं टाळायला सांगतात. भांडी घासताना कोमट पाणी आणि हातमोजे वापरा. शिरेतून कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअम देऊन हा त्रास टळेल अशी आशा होती, मोठ्या चाचणीत ती फोल ठरली. डोसागणिक बधिरपणा टिकू लागला, शर्टाची बटणं लावणं जमेना, तर पुढच्या डोसची वाट न पाहता सांगा. डॉक्टर मात्रा कमी करू शकतात.

आयन चॅनेलवर काम करतं म्हणून कॅन्सरसाठी मान्यता मिळालेलं एखादं औषध आज आहे का?

गाठ मारण्यासाठी नाही. कॅन्सरच्या वेदनेसह असह्य, दीर्घकाळच्या वेदनांसाठी एक आहे. झिकोनोटाइड, समुद्रातल्या शंखगोगलगायीच्या विषावरून बनवलेलं, कॅल्शिअम चॅनेल अडवणारं, २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं. ते मणक्यातल्या द्रवात पंपाने द्यावं लागतं, त्यामुळे वापर मोजका.

आईचं स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. सर्जनना काय विचारू?

संकोच न करता विचारा: ‘गाठीभोवती लिग्नोकेन टोचण्याबद्दलचा टाटाचा अभ्यास आम्ही ऐकला आहे. आईच्या बाबतीत ते करता येईल का?’ आधी केमो झालं असेल तर अभ्यासातल्या स्त्रियांपेक्षा आईची स्थिती वेगळी आहे, हे लक्षात घ्या, म्हणजे उत्तर ‘नाही’ आलं तरी वाईट वाटणार नाही. सर्जन नको म्हणाले तर कारण विचारा, पण त्यासाठी ऑपरेशनची तारीख पुढे ढकलू नका आणि रुग्णालय बदलायच्या धावपळीत आठवडे घालवू नका. गाठ वेळेवर आणि नीट निघणं, आणि नंतरचे उपचार पूर्ण होणं, यांचा वाटा या इंजेक्शनपेक्षा मोठा आहे.

भूलतज्ज्ञांना मात्र तीन गोष्टी आधी सांगून ठेवा. आईला पूर्वी दातांच्या वेळी किंवा टाके घालताना भुलीच्या इंजेक्शनाने काही त्रास झाला होता का. हृदयाचे ठोके अनियमित होतात का किंवा पेसमेकर आहे का. आणि यकृताचा काही आजार आहे का, कारण लिग्नोकेन यकृतातच मोडलं जातं आणि किती द्यायचं ते वजनावर ठरतं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून सोबत न्या.